मक्षिकास्थाने मक्षिका आणि पायथनमधला एक आर

पावसाळ्यात सांगलीत दोनच आकड्यांची चर्चा असते. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. तेव्हापासून तर जुलै उजाडला की प्रत्येकाच्या फोनवर पाणीपातळीचे दोन-तीन ग्रुप जागे होतात.

शेजारचा पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अशाच एका ग्रुपवरचे तीन पावसाळ्यांचे मेसेज त्यानं एका फाइलीत उतरवून घेतले होते. त्यातून फक्त सांगलीच्या नोंदी वेगळ्या काढायच्या आणि तक्ता करायचा, एवढंच काम. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप काखेत मारून आला.

"काका, पॅटर्न बरोबर हाय. पण एकबी ओळ सापडंना."

"फाइलीत सांगली आहे ना पण?"

"हजार येळा हाय की ओ!"

त्याच्या पडद्यावर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला हा पॅटर्न होता, म्हणजे काय शोधायचं ते सांगणारं रेग्युलर एक्स्प्रेशन:

"\बीसांगली\बी"

पुढं जाण्याआधी एक तडजोड करून घेऊ. हा लेख देवनागरीत आहे आणि कोड असतो रोमन अक्षरांत. म्हणून मी जिथं बी, डी, एन, टी, आर असं लिहीन तिथं प्रत्यक्षात त्या उच्चाराचं एकच रोमन अक्षर टाइप करायचं, तेही लहान लिपीतलं. कोडातले आकडेही तसेच, इंग्रजी कळांचे. तिरकी रेघ मात्र खरीच आहे. ही \ म्हणजे बॅकस्लॅश, डावीकडं कललेली. आपण तारखेत घालतो ती / साधी स्लॅश. या दोघींत गल्लत करू नका, आजची सगळी कथा बॅकस्लॅशची आहे.

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साध्या शोधात आपण ठरावीक शब्द शोधतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दाऐवजी त्याचं वर्णन देतो. 'एक किंवा जास्त आकडे, मग मोकळी जागा, मग फूट' असं सांगायचं, की ३१ फूट, ३८ फूट, ४५ फूट सगळं सापडतं. हे वर्णन लिहायला खुणा लागतात. \डी म्हणजे कुठलाही एक आकडा, \एस म्हणजे मोकळी जागा, \बी म्हणजे शब्दाची कड, जिथं शब्द सुरू होतो किंवा संपतो ती जागा. अधिक चिन्ह म्हणजे 'एक किंवा जास्त'. वरचं वर्णन मग असं होतं:

(\डी+) फूट

पोराच्या पॅटर्नचा अर्थही सरळ होता: शब्दाची कड, सांगली, शब्दाची कड. कागदावर तपासला असता तर मीही बरोबरची खूण केली असती.

तरी सापडत नव्हतं, कारण तो पॅटर्न शोधणाऱ्यापर्यंत पोचतच नव्हता. वाटेत एकानं तो उघडून वाचला होता.

जुन्या पत्रांचा मायना आठवा. सा. न. वि. वि. आपण हे 'सा न वि वि' असं वाचत नाही. वाचणारा मनातल्या मनात 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असं उलगडून पुढं जातो. लिहिणाऱ्यानं चार अक्षरं लिहिली, वाचणाऱ्यानं चार शब्द घेतले. प्रोग्रॅमिंगच्या भाषांतही असेच संक्षेप असतात. अवतरण चिन्हांत मजकूर लिहिताना नवी ओळ हवी असेल तर एन्टर दाबून चालत नाही, म्हणून \एन लिहायचं. भाषा ते वाचताना नव्या ओळीचं चिन्ह करून टाकते. \टी चा टॅब होतो, \ए ची घंटा. आणि \बी चं काय होतं? बॅकस्पेस. संगणकातल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या आस्की कोष्टकातलं आठव्या क्रमांकाचं, डोळ्याला न दिसणारं चिन्ह.

म्हणजे वाचणारे दोघे आहेत. पहिला वाचणारा पायथन स्वतः. कोडात अवतरणात लिहिलेलं तो आधी वाचतो, संक्षेप उलगडतो आणि जे उरेल ते स्मृतीत ठेवतो. दुसरा वाचणारा म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनचं इंजिन. त्याला मूळ कागद कधीच दिसत नाही. पहिल्यानं उलगडून ठेवलेलंच त्याच्या हाती पडतं. दोघांचेही संक्षेप बॅकस्लॅशनंच सुरू होतात आणि दोघांचे अर्थ मात्र वेगळे. पोरानं \बी लिहिलं ते दुसऱ्यासाठी. पहिल्यानं ते आपल्यासाठीच आहे असं समजून त्याचं बॅकस्पेस केलं. इंजिन बिचारं 'बॅकस्पेस, सांगली, बॅकस्पेस' असा मजकूर तीन पावसाळ्यांच्या मेसेजमध्ये शोधत बसलं. असा मेसेज कोण टाकणार?

चूक झाली तर निदान ओरडावं, तेही पायथननं केलं नाही. त्याच्या दृष्टीनं सगळं शुद्ध होतं. माझ्या मते या प्रकरणातला खरा ताप हाच आहे. घोटाळा होतो आणि शांततेत होतो.

आता कारकुनाची गोष्ट. जुन्या दप्तरातली एक वही नकलून काढायचं काम एका कारकुनाला दिलं. मूळ वहीत एका पानावर कधीतरी माशी चिरडून चिकटलेली होती. कारकुनानं अक्षर न् अक्षर उतरवलं, त्या जागेवर आला, थांबला, एक माशी मारली आणि बरोबर त्याच ठिकाणी चिकटवली. मक्षिकास्थाने मक्षिका. आपण हे डोकं न चालवणाऱ्याला हिणवायला म्हणतो. पण इथं आपल्याला नेमका असाच कारकून हवाय. काही उलगडू नकोस, काही सुधारू नकोस, जे दिसतंय ते तसंच पुढच्याला दे.

पायथनमध्ये हा हुकूम एका अक्षरात देता येतो. अवतरण सुरू व्हायच्या आधी, अगदी चिकटून, आर लिहायचा:

आर"\बीसांगली\बी"

याला रॉ स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे अवतरणातला मजकूर, आणि रॉ म्हणजे कच्ची, न शिजवलेली. पायथनच्या १.५ या आवृत्तीपासून ही सोय आहे. बरेच जण समजतात की हा आर रेग्युलर एक्स्प्रेशनमधला आहे. तसं नाही. तो रॉ मधला आर आहे आणि त्याचा शोधाशी थेट काहीही संबंध नाही. कुठल्याही मजकुराला तो लावता येतो. तो लावल्यानं वेगळ्या जातीची वस्तूही तयार होत नाही. एकदा पहिल्या वाचकाचं वाचून झालं की स्मृतीत उरते ती साधी स्ट्रिंगच, आर चा मागमूस राहत नाही.

पोराचा चेहरा अजून साशंक होता म्हणून त्याला लांबी मोजायला लावली. कीबोर्ड हाताशी असेल तर तुम्हीही मोजा. साध्या अवतरणातल्या "\बी" ची लांबी भरते १. आर लावलेल्या आर"\बी" ची भरते २. आणि "\\बी" असं दोन बॅकस्लॅश देऊन लिहिलं तर तीही २. दोन बॅकस्लॅश लागोपाठ दिसले की पहिला वाचक त्यांचा एक करतो, हाही त्याचा एक संक्षेपच. म्हणजे आर"\बी" आणि "\\बी" यांत स्मृतीत तसूभरही फरक नाही. आर नव्हता तेव्हा लोक प्रत्येक बॅकस्लॅश दुप्पट लिहूनच काम चालवायचे.

"पण काका, \डी ला मी कधीच आर लावत न्हाई. ते तर चालतंय."

चालतं, आणि तिथंच सगळे फसतात. पायथनच्या संक्षेपांच्या यादीत \डी नाहीच. अनोळखी संक्षेप दिसला की तो त्याला हात न लावता जसाच्या तसा पुढं सोडतो. म्हणून \डी इंजिनपर्यंत धडधाकट पोचतो. हा सगळा योगायोग. \एन चा योगायोग तर आणखी गमतीचा. आर नसेल तर पायथन त्याची खरोखरची नवी ओळ करून देतो, आर असेल तर इंजिन स्वतः \एन चा अर्थ नवी ओळ असा लावतो. दोन्ही वाटांनी मुक्काम एकच. म्हणून माणूस महिनोन्महिने आर शिवाय पॅटर्न लिहितो, सगळे चालतात, आणि एक दिवस \बी आडवा येतो. तेव्हा त्याला आर आठवत नाही, कारण तोवर कधी गरजच पडलेली नसते.

पायथनवाल्यांनाही हे उमगलेलं आहे. ३.६ या आवृत्तीपासून अनोळखी संक्षेपाला त्यांनी ताकीद द्यायला सुरुवात केली, पण ती सहसा दिसायची नाही. २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ पासून ती सरळ पडद्यावर येते. तेव्हा आर न लावता \डी लिहिलंत आणि पिवळीधमक ताकीद आली, तर वैतागू नका. मात्र \बी ला आजही ताकीद येत नाही. तो ओळखीचा संक्षेप आहे ना.

माझा स्वतःचा हिसका पॅटर्नमुळं बसलेला नाही, फोल्डरच्या पत्त्यामुळं बसलाय. मार्केट यार्डातल्या एका अडतीवर मी हिशेबाचं संगणकाचं काम बघायचो. हळदीचा हंगाम, सौदे जोरात. राजापुरी हळदीच्या पोत्यांच्या ढिगांवरून माणसं चालत होती. रोजच्या नोंदी उचलून एक बेरीज करणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा होता. फोल्डर मीच लावून ठेवले होते, रोमन अक्षरांत पण मराठी नावांनी, एकात एक: अडत, त्यात भाव, त्यात तोल, त्यात नोंद. विंडोजमध्ये एका फोल्डरातून दुसऱ्यात जायला बॅकस्लॅश असतो. पत्ता झाला

"डी:\अडत\भाव\तोल\नोंद"

आता ही चार नावं रोमन लिपीत मनात लिहा आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर बघा. ए, बी, टी, एन. चारही अक्षरं बॅकस्लॅशच्या पुढं आली की पायथनच्या यादीतली! माझ्या पत्त्यात एक घंटा, एक बॅकस्पेस, एक टॅब आणि एक नवी ओळ तयार झाली होती. प्रोग्रॅम सांगत होता, असा फोल्डर नाही. मी एक्सप्लोररमध्ये बघत होतो, फोल्डर समोर आहे. शेठ मागं उभे राहून विचारत होते, "झालं का?" दुपार गेली. ठरवून नावं शोधली असती तरी इतकी अचूक जमली नसती.

विंडोजवर पायथन शिकणाऱ्या बहुतेकांची पहिली गाठ मात्र वेगळ्या संक्षेपाशी पडते. वापरकर्त्यांचे फोल्डर जिथं असतात त्याचं इंग्रजी नाव मोठ्या लिपीतल्या यू नं सुरू होतं आणि बॅकस्लॅश-मोठा-यू याचा अर्थ पायथनला वाटतो की पुढं युनिकोडचे, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संचातले, आठ अंक येणार. ते येत नाहीत, म्हणून तो प्रोग्रॅम सुरूच करत नाही. अगम्य इंग्रजीत का होईना, ओरडतो तरी. माझ्या चार फोल्डरांपेक्षा ते बरं.

बॅकस्लॅशला इतकी कामं कुणी दिली? हे चिन्ह मुळात दुसऱ्याच कामासाठी आलं. बॉब बीमर या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं ते १९६१च्या सुमारास सुचवलं आणि १९६३ च्या आस्की संचात त्याला जागा मिळाली. अल्गोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'आणि' व 'किंवा' यांच्यासाठी डोंगराच्या आणि दरीच्या आकाराच्या खुणा होत्या. साध्या स्लॅशला उलटी जोडीदारीण मिळाली की /\ हा डोंगर आणि \/ ही दरी टंकता येईल, असा हिशेब. त्या कामाला ती फारशी लागली नाही. पण रोजच्या लिहिण्यात कुणी वापरत नसलेलं रिकामं चिन्ह म्हणून ती सगळ्यांच्या नजरेत भरली.

इकडं रेग्युलर एक्स्प्रेशनचा उगम गणितातला. १९५० च्या दशकात स्टीफन क्लेनी या गणितज्ञानं मज्जापेशींच्या जाळ्याचं गणिती रूप अभ्यासताना ही कल्पना मांडली. पॅटर्नमध्ये 'शून्य किंवा जास्त वेळा' यासाठी जो तारा (*) वापरतात त्याला अजून क्लेनीचा तारा म्हणतात. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी त्यावरून संगणकात मजकूर शोधायची रीत छापली आणि मजकूर लिहायच्या-सुधारायच्या आपल्या प्रोग्रॅमांत, म्हणजे संपादकांत, ती बसवली. त्यांच्या ईडी या संपादकात पॅटर्न दोन साध्या स्लॅशच्या मध्ये लिहायचा. पुढं जी, मग स्लॅशांमध्ये पॅटर्न (रेग्युलर एक्स्प्रेशन, थोडक्यात आर-ई), मग पी, म्हणजे 'सगळीकडं शोध आणि छाप', या हुकुमावरूनच ग्रेप या प्रसिद्ध आज्ञेचं नाव पडलं.

त्या ईडीमध्ये आजचा घोटाळा नव्हता, कारण तिथं वाचणारा एकच होता. स्लॅशांच्या मधली जागा पॅटर्नची स्वतःची. नंतर पॅटर्न जेव्हा सर्वसाधारण भाषांमध्ये आला तेव्हा कित्येक ठिकाणी त्याला स्वतःचं घर मिळालं नाही, स्ट्रिंगच्या घरात भाड्यानं राहावं लागलं. आणि स्ट्रिंगच्या घरात सी भाषेनं घालून दिलेले बॅकस्लॅशचे नियम आधीपासून होते. गंमत म्हणजे सी च्या आधीच्या बी नावाच्या भाषेत हेच संक्षेप तारा लावून लिहायचे, *एन म्हणजे नवी ओळ. तो ताराच राहिला असता तर भांडण क्लेनीच्या ताऱ्याशी लागलं असतं. भांडण काही टळत नव्हतं!

पर्ल आणि जावास्क्रिप्टनं पॅटर्नला स्लॅशांमधलं स्वतंत्र घर ठेवलं. तिथं आर लागत नाही. त्याची किंमत अशी की पॅटर्नमध्ये साधी स्लॅश शोधायची असेल, समजा तारखा, तर तिच्यामागं बॅकस्लॅश लावावा लागतो. जावामध्ये तर घरही नाही आणि आर ही नाही. कच्च्या स्ट्रिंगचा प्रस्ताव आला होता, २०१८ च्या अखेरीस तो मागं घेतला गेला. २०२० मध्ये पंधराव्या आवृत्तीत बहुओळी मजकुराची सोय पक्की झाली, पण त्यातही संक्षेप उलगडले जातातच. जावावाले अजून प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहितात. गो भाषेत बॅकटिक ` या उलट्या अवतरणातलं सगळं कच्चं असतं. सी प्लस प्लसला २०११ मध्ये ही सोय मिळाली, सी शार्पमध्ये अवतरणाआधी @ लावतात. नावं निराळी, हुकूम तोच: माशीला माशी लाव.

दुप्पट लिहिण्याचा त्रास किती, ते एका उदाहरणात दाखवतो. मजकुरात खरोखरचा बॅकस्लॅश शोधायचाय, समजा फोल्डरांच्या पत्त्यांच्या यादीत. इंजिनला एकटा बॅकस्लॅश दिला तर तो पुढच्या अक्षराची वाट बघतो. म्हणून त्याला दोन द्यायचे: \\ म्हणजे 'खरा एक'. पण हे दोन त्याच्यापर्यंत पोचवायचे तर साध्या स्ट्रिंगमध्ये प्रत्येकाचे दोन, म्हणजे चार:

"\\\\"

एक शोधायला चार. आर लावला तर आर"\\" एवढ्यात भागतं. पर्लच्या मंडळींनी या काड्यांच्या रांगांना 'कललेल्या टूथपिकांचा आजार' असं नाव ठेवलंय. दात कोरून झाल्यावर हॉटेलच्या टेबलावर टाकलेल्या काड्या ज्यांनी बघितल्यात त्यांना ते लगेच पटेल.

आर सगळीकडं लावायचा का? नाही. तो फक्त कोडात अवतरण टाकून लिहिलेल्या मजकुराला. पॅटर्न फाइलीतून वाचला, किंवा वापरणाऱ्यानं चौकटीत टाइप केला, तर पहिला वाचक तिथं मध्ये येतच नाही. मजकूर आधीच कच्चा असतो. जेसन या माहिती साठवायच्या मांडणीतल्या फाइलीचं मात्र वेगळं. तिचे स्वतःचे बॅकस्लॅशचे नियम आहेत, तिथं दोन-दोनच लिहावे लागतात.

शोधून बदलायचं असेल तर बदलाच्या मजकुरालाही आर लागतो, हे फार जण विसरतात. पोराला तारखा उलटवायच्या होत्या. दिवस, महिना, वर्ष असे तीन कंस करून पकडायचे आणि बदलात आर"\३-\२-\१" लिहायचं, म्हणजे तिसऱ्या कंसातलं आधी. आर विसरलात तर \३ चं आस्कीतलं तिसरं अदृश्य चिन्ह होतं आणि तुमच्या तारखांच्या जागी पडद्यावर काहीच न दिसणाऱ्या दोन आडव्या रेघा उरतात.

आणि आर ची एक खोड. कच्च्या स्ट्रिंगच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश चालत नाही. आर"डी:\नोंद\" हे पायथन नाकारतो. कारकून कितीही माशीला माशी लावणारा असला तरी कागद कुठं संपतो हे त्याला कळावं लागतं, आणि शेवटच्या अवतरणामागं बॅकस्लॅश दिसला की त्याला वाटतं हे अवतरण मजकुरातलंच आहे, शेवट पुढं आहे. शेवटचा बॅकस्लॅश वेगळा जोडा, किंवा पत्त्यात सरळ साध्या स्लॅश वापरा. विंडोजवरच्या पायथनला त्या चालतात. मी अडतीवरचा प्रोग्रॅम शेवटी तसाच केला.

तर त्या रात्री पोरानं आर लावला आणि प्रोग्रॅम चालवला. सांगलीत, सांगलीचा अशा ओळी आल्या, पण सुटी सांगली जिथं होती तिथं परत शून्य.

मीही चक्रावलो. मग सांगलीच्या जागी मिरज लिहून बघितलं. धडाधड ओळी आल्या. कराड, तेही सापडलं. पलूस, जत, वाई, सगळी सापडली. सुटी सांगली नाही. सातारा नाही. विटा नाही.

"काका, हे मिरजेच्या माणसानं बनवलंय बघा," पोरगा म्हणाला.

मिरजेच्या माणसाचा दोष नव्हता. पहिला वाचक आता गप्प बसला होता आणि दुसऱ्याचीच खोड उघडी पडली होती. \बी ला शब्दाची कड म्हणतात, पण ती कड ठरते कशी? एका बाजूला 'शब्दातलं अक्षर' आणि दुसऱ्या बाजूला तसं नसलेलं काहीतरी, अशी जागा म्हणजे कड. आता शब्दातलं अक्षर कशाला म्हणायचं? पायथनच्या इंजिनात अक्षरं आणि आकडे येतात, युनिकोडप्रमाणे. मराठी अक्षरंही येतात. पण युनिकोडमध्ये आपला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं धरलेली नाहीत. ती 'जोडखुणा' या वेगळ्या वर्गात मोडतात. पायथनचं इंजिन त्यांना शब्दाबाहेरचं समजतं.

सांगली संपतो ली वर, म्हणजे ल आणि मग दीर्घ वेलांटी. वेलांटी शब्दाबाहेरची, तिच्यापुढची मोकळी जागाही शब्दाबाहेरची. दोन्ही बाजूला परकेच, मग कड कुठली? म्हणून सुटी सांगली सापडत नाही. सांगलीत मध्ये वेलांटीपुढं त येतो, तो अक्षर आहे, म्हणून तिथं कड मिळते. सातारा आणि विटा यांचा शेवट कान्यावर, तीच गत. मिरज, कराड, पलूस, जत यांचा शेवट साध्या व्यंजनावर. वाई ईवर संपते, पण तो पूर्ण स्वर आहे, वेलांटी नाही, म्हणून तो अक्षर ठरतो. पटत नसेल तर 'शब्दातली अक्षरं' सांगणारी \डब्ल्यू+ ही खूण सांगली या शब्दावर चालवून बघा. दोन तुकडे मिळतात: स आणि गल. कान्याशिवाय, अनुस्वाराशिवाय, वेलांटीशिवाय.

उलटही घडतं. घाट हा शब्द दोन्ही बाजूला \बी लावून शोधा, घाटावर मध्येही तो सापडेल, कारण ट नंतरचा काना इंजिनला कड वाटतो.

यावर उपाय आहे. 'पुढं देवनागरी पट्ट्यातलं कुठलंच चिन्ह नसावं' अशी अट घालता येते. युनिकोडमधला हा पट्टा ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, आणि त्यात काने-मात्रा सगळे येतात:

आर"सांगली(?![\यू०९००-\यू०९७एफ])"

इथं मात्र मी पोराला थांबवलं. मराठीत गावाचं नाव नेहमी एकटं कुठं असतं? मेसेज बघ, म्हटलं. सांगलीत पाऊस, सांगलीचा पूल, सांगलीला इशारा. विभक्ती बहुतेक वेळा चिकटलेलीच असते. उजवीकडची अट घातलीस तर या सगळ्या ओळी जातील. आपल्याला उजवी कड नकोच आहे. इंग्रजी धड्यातला नियम होता तो, इंग्रजीत शब्द सुटे असतात. उजवा \बी काढून टाकला आणि आर"\बीसांगली" एवढंच ठेवलं. डावीकडं स आहे, तो अक्षर आहे, तिकडची कड ठीक सापडते. फाइलीतल्या सांगलीच्या ओळी भराभर खाली घरंगळत आल्या.

साताऱ्याला आणखी एक वळसा आहे. विभक्ती लागली की रूपच बदलतं: सातारा, पण साताऱ्यात, साताऱ्याचा. तिथं आर"\बीसाता(रा|ऱ्या)" असं दोन्ही रूपं देऊन लिहावं लागतं.

एक गोष्ट मात्र पायथननं आपल्या बाजूनं केलीय. त्याच्या \डी ला देवनागरी आकडेही कळतात. ग्रुपवर कोण 38 लिहितं, कोण ३८. दोन्ही सापडतात आणि संख्येत बदलताना ३८ ची खरोखरची अडतीसच होते. जावास्क्रिप्टच्या \डी ला फक्त इंग्रजी आकडे कळतात, तिथं हा तक्ता अर्धा राहिला असता.

साडेअकराला पोरगा गेला. बाराच्या सुमाराला त्याचा मेसेज आला. फुटांचे आकडे बरोबर येतायत, पण कोयनेच्या विसर्गाच्या ओळींत ४२,१०० क्युसेकचे नुसते १०० क्युसेक येतायत.

आकड्यात स्वल्पविराम आहे, त्याला \डी आकडा मानत नाही, असं कळवलं. \डी+ च्या जागी [\डी,]+ घाल, आणि आर विसरू नको.

"घातलाय की," असं उत्तर आलं.